शरीरातील पहारेकरी आणि त्यांची आठवण

दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या आया एकमेकींशी बोलू लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येते. "शेजारणीचं पोर पावसात खेळतं, त्याला काही होत नाही. माझ्याच लेकराला सारखा ताप का?" मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते घर लाभत नाही, कुणी गेल्या जन्मीचे पाप काढते. डॉक्टर सांगतात, "याची रोगप्रतिकारशक्ती कमी पडते," आणि चिठ्ठी लिहून पुढच्या पेशंटला हाक मारतात. ही रोगप्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय, ती शरीरात कुठे असते, कशाने वाढते, कशाने खचते, हे त्या माऊलीला सहसा कुणी समजावून सांगत नाही. ते समजून घेण्यासाठी हा लेख.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागत बुद्धांची शिकवण. तोच विचार बाबासाहेबांनी आपल्या हाती दिला. आजाराला कारण असते, तसेच आजारी न पडण्यालाही कारण असते. ते कारण नशिबात नाही, आपल्याच रक्तामांसात आहे.

पहिली फळी : कातडी, लाळ आणि पोटातले आम्ल

आपल्या भोवती हवेत, पाण्यात, धुळीत, भांड्यांवर असंख्य सूक्ष्म जीव असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही उपयोगाचेही असतात; पण काही रोग निर्माण करतात. जिवाणू आणि विषाणू ही त्यांतली दोन मोठी कुळे. क्षयरोग आणि पटकी जिवाणूंमुळे होतात. गोवर, कावीळ, पोलिओ विषाणूंमुळे होतात.

त्यांना बाहेरच अडवणारी पहिली भिंत म्हणजे आपली कातडी. मोठ्या माणसाच्या अंगावर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर पसरलेली असते. जिथे कातडीची भिंत नाही तिथे दुसरी व्यवस्था आहे. डोळ्यांतले पाणी आणि तोंडातली लाळ यांत जिवाणूंचे कवच फोडणारे द्रव्य असते. नाकातला शेंबूड आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव धूळ व जंतूंना चिकटवून धरतो, आणि तिथले बारीक केस झाडूसारखे त्यांना वर ढकलतात. खोकला आणि शिंक ही त्याच सफाईची कामे आहेत. अन्नाबरोबर जे जंतू पोटात जातात त्यांपैकी बरेच जठरातल्या आम्लात मरतात.

म्हणून जखम उघडी ठेवू नये, तिच्यावर शेण, राख, चुना लावू नये. ती स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, स्वच्छ फडक्याने झाकावी. भिंतीला पडलेले भोक आपणच मोठे करायचे, आणि मग देवाला दोष द्यायचा, यात काय अर्थ?

विडी, सिगारेट आणि चुलीचा धूर श्वासनलिकेतले ते बारीक केस निकामी करतो. विडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला आणि धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा वरचेवर होणारा छातीचा आजार यामागे हेही एक कारण असते.

दुसरी फळी : पांढऱ्या पेशी

भिंत ओलांडून जंतू आत शिरलाच, तर रक्तातले पहारेकरी जागे होतात. यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. रक्त तपासल्यावर जो कागद मिळतो त्यावर त्यांची संख्या लिहिलेली असते. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात, साधारणपणे ४ हजार ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. जंतूंचा हल्ला झाला की बहुधा त्यांची संख्या वाढते. काही आजारांत, उदाहरणार्थ डेंग्यूत, ती कमी होते. म्हणून डॉक्टर तो आकडा पाहतात.

या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. त्यांतल्या सर्वांत जास्त असतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या. निरोगी माणसाच्या हाडांत त्या रोज दहा हजार कोटींच्या आसपास जन्माला येतात आणि थोड्याच काळात मरतात. जखमेच्या जागी धावत जाणाऱ्या त्याच. जंतू गिळायचे, मारायचे आणि स्वतः मरायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. फोडातून जो पू येतो तो म्हणजे बहुतांशी या मेलेल्या शिपायांचा ढीग. दुसऱ्या असतात महाभक्षी पेशी. त्या आकाराने मोठ्या आणि जास्त दिवस जगणाऱ्या. जंतूंबरोबर मेलेल्या पेशींचा कचराही त्या गिळून जागा साफ करतात.

पेशी जंतूला गिळतात हे पहिल्यांदा ओळखले रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी. १८८२ साली सिसिली बेटावर त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जखम लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. हीदेखील या लढाईचीच खूण. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणजे जास्त पेशींना तिथे पोहोचता येते. तापाचेही तसेच. पांढऱ्या पेशी काही द्रव्ये सोडतात, ती मेंदूला निरोप देतात, आणि मेंदू शरीराची उष्णता वाढवतो. वाढलेल्या उष्णतेत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोमाने काम करतात. म्हणून ताप हा स्वतः रोग नव्हे, आत लढाई चालल्याची ती खबर आहे. मात्र खबर मिळाल्यावर घरात बसून राहू नये. तान्ह्या बाळाचा ताप, दोन-तीन दिवसांत न उतरणारा ताप, झटके, धाप, अंगावर पुरळ असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

अवधाण कशाला येते?

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. घसा दुखू लागला की जबड्याखाली तशाच गाठी लागतात. या गाठी बाहेरून येत नाहीत, त्या तिथेच असतात. जांघ, काख, मान, पोट अशा ठिकाणी शरीरात शेकडो लसीका ग्रंथी आहेत. त्यांना पहाऱ्याच्या चौक्या समजा. जखमेच्या जागेवरून पेशी जंतूचा तुकडा घेऊन या चौकीत येतात आणि दाखवतात, "हा पाहा, असा शत्रू शिरला आहे." चौकीत पेशींची गर्दी वाढते, म्हणून गाठ फुगते. घशातले टॉन्सिल आणि बरगडीखालची प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतो, ही याच कामाची मोठी ठाणी आहेत.

साधे अवधाण जखम बरी झाली की बसते. पण मानेतली किंवा काखेतली गाठ दोन आठवड्यांहून अधिक राहिली, वाढत गेली, सोबत बारीक ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम असेल, तर ती क्षयाची गाठ असू शकते. ती तपासून घ्यावी. तिच्यावर डाग देऊ नये, लेप थापून महिने घालवू नयेत.

तिसरी फळी : शिकलेल्या पेशी

न्यूट्रोफिल समोर येईल त्या जंतूशी लढते. पण काही पेशी अशा आहेत की त्या एका ठरावीक शत्रूसाठीच तयार झालेल्या असतात. त्यांना लिंफोसाइट म्हणतात. त्यांच्या दोन मोठ्या तुकड्या आहेत : टी पेशी आणि बी पेशी.

टी पेशींची शाळा छातीच्या मधल्या हाडामागे असते. तिचे नाव थायमस ग्रंथी. या शाळेची परीक्षा फार कडक. शत्रूला ओळखता येते का, आणि आपल्याच शरीराला शत्रू समजून ती मारायला तर उठणार नाही ना, हे दोन्ही तपासले जाते. शंभरांतल्या जेमतेम चार-पाच पेशी पास होऊन बाहेर पडतात. बाकीच्या तिथेच संपतात. ही शाळा लहानपणी जोरात चालते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. म्हणून बालपणीचे खाणेपिणे आणि आजारपण यांचा हिशेब पुढे दीर्घकाळ द्यावा लागतो.

पास झालेल्यांपैकी काही टी पेशी मारेकरी असतात. आपल्या शरीरातल्या ज्या पेशीत विषाणू लपून बसला आहे ती शोधून त्या नष्ट करतात. काही मदतनीस असतात. त्या स्वतः मारत नाहीत, पण इतर सर्वांना हुकूम देतात, जागे करतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका या मदतनीस पेशींवर घाला घालतो. हुकूम देणारेच राहिले नाहीत तर फौज असूनही उपयोग नाही, आणि म्हणून एड्सच्या रुग्णाला साधे जंतूही भारी पडतात. आज यावर चांगली औषधे आहेत. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ती मोफत दिली जाऊ लागली. ती रोज न चुकता घेणारा माणूस काम करतो, संसार करतो, दीर्घकाळ जगतो. हा विषाणू हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने पसरत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यतेचे चटके सोसले, त्याने तरी आपल्या घरातल्या आजाऱ्याला अस्पृश्य करू नये.

बी पेशींचे काम प्रतिपिंडे तयार करण्याचे. प्रतिपिंड हा प्रथिनाचा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुबेळका कण असतो. त्याची दोन टोके एका ठरावीक जंतूवर कुलपात किल्ली बसावी तशी बसतात. प्रतिपिंड चिकटलेला जंतू पेशीत शिरू शकत नाही, आणि महाभक्षी पेशींना तो चटकन दिसतो. पूर्ण तयार झालेली एक पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिपिंडे सोडू शकते.

शरीराची आठवण

नवा जंतू पहिल्यांदा शिरतो तेव्हा त्याच्या मापाची पेशी सापडायला, तिची संख्या वाढायला आणि पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात रोग आपले काम करून जातो. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही थोड्या मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला, की त्या त्याला ओळखतात आणि काही दिवसांतच फौज उभी करतात. पुष्कळदा आपल्याला कळतही नाही की तो येऊन गेला.

ही आठवण किती काळ टिकते? याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. युरोपच्या उत्तरेला समुद्रात फॅरो नावाची बेटे आहेत. तिथे १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षे गोवर तिकडे फिरकला नाही. १८४६ साली तो पुन्हा आला, तेव्हा बेटांवरच्या पावणेआठ हजार लोकांपैकी सुमारे सहा हजार आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॉक्टर तिथे पाठवला गेला. त्याने घरोघर चौकशी केली. त्याला असे दिसले की, १७८१ साली लहानपणी ज्यांना गोवर आला होता, त्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. माणसे साथ विसरली असतील. त्यांच्या पेशी विसरल्या नव्हत्या.

गोवर आठवणच पुसतो

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला त्या गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे आजही कित्येक घरांत गोवराला आजार मानत नाहीत. "गोवर प्रत्येकाला येतोच, एकदा निघून गेला की अंग साफ होतं," असे म्हातारी माणसे सांगतात. काही ठिकाणी त्याला मातेचा फेरा समजून डॉक्टरांकडे नेत नाहीत, कडुलिंबाचा पाला टांगतात, नवस बोलतात.

गोवर हा हवेतून पसरणारा अत्यंत सांसर्गिक रोग आहे. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. आधी ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे, नंतर तीन-चार दिवसांनी पुरळ. पुरळ जाते, पण मागे न्यूमोनिया, हगवण, कान फुटणे, डोळ्याला इजा हे येऊ शकते. मुले दगावतात ती बहुधा न्यूमोनियाने.

पण याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गोवराचा विषाणू नेमका स्मृतिपेशींत शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्स देशात धार्मिक समजुतीमुळे लस न घेणाऱ्या एका पंथाच्या ७७ मुलांचे रक्त गोवर येण्यापूर्वी आणि नंतर तपासले गेले. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. इतर रोगांविरुद्ध त्या मुलांच्या अंगात जी निरनिराळी प्रतिपिंडे होती त्यांतली ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झाली होती! म्हणजे जन्मापासून शरीराने कष्टाने शिकलेले धडे पाटीवरून पुसावेत तसे पुसले गेले. गोवराची लस घेतलेल्या मुलांत मात्र असे नुकसान आढळले नाही. साथींच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना असेही आढळले होते की गोवर येऊन गेल्यावर दोन-तीन वर्षे मुले इतर रोगांनी जास्त दगावतात.

तेव्हा "गोवर निघून गेला की पोर घट्ट होतं" ही समजूत उलटी आहे. बरे झालेले ते मूल वर्ष-दोन वर्षे सारखे आजारी पडते, आणि आई म्हणते नजर लागली. नजर नव्हे माऊली, गोवराने त्याचे पहारेकरी मारले आहेत.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देऊ नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. सर्वांत जास्त झळ बसली ती गोवंडीसारख्या दाटीच्या, गरीब वस्त्यांना. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले. लहान मुले मेली. करोनाच्या काळात कित्येक मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. त्या राहिलेल्या लसींची किंमत गरिबाच्या मुलांनी मोजली.

लस म्हणजे रोगाशिवाय मिळालेला धडा

रोग होऊ न देता शरीराला जंतूची ओळख करून द्यायची, ही लसीमागची साधी कल्पना. जंतू मारून, किंवा दुबळा करून, किंवा त्याचा एखादा तुकडा टोचतात. शरीर त्यालाच शत्रू समजून फौज उभी करते आणि स्मृतिपेशी मागे ठेवते. लस दिल्यावर एखाद-दुसरा दिवस ताप येतो, हात दुखतो, त्याचे कारण हेच. पेशी शिकत आहेत, त्याची ती खूण आहे. त्या तापाला घाबरून पुढची लस चुकवू नये.

ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो, ज्याच्यासाठी कोंबडे-बकरे कापत होतो, त्याची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीचा स्राव एका मुलाला टोचला, आणि त्या मुलाला माणसाची देवी झाली नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली, हिंदुस्थानातली ती पहिली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. देवी कोपली नाही, कुणाचे वाईट झाले नाही. नवसाने जे हजारो वर्षांत झाले नाही ते लसीने केले.

आणखी एक आठवण आपल्या घराण्यातली म्हणावी अशी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मेचनिकॉफ यांचे शिष्य वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पोहोचला होता. सावित्रीमाई फुले आपले डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांच्या दवाखान्यासाठी रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लसीची पहिली सुई टोचली गेली त्याला बरोबर दोन महिने झाले होते. माईंच्या वाट्याला ती लस आली नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला डझनभर लसी आल्या आहेत, त्याही मोफत, घराजवळच्या केंद्रात. त्या घेण्यात आपण आळस करायचा का?

गोवर-रुबेलाची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत देतात. तोवर आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीलाच निकामी करू शकतात, म्हणून एवढे थांबायचे. पहिल्या मात्रेने शंभरांतल्या सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान घेतली की हे प्रमाण ९५ च्या वर जाते. म्हणून दुसरी मात्रा चुकवू नये. चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत ती सरकारी केंद्रात देतात. साध्या सर्दी-पडशासाठी लस पुढे ढकलण्याची गरज नसते.

आईचे दूध : पहिली शिदोरी

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या पेशी अजून शिकलेल्या नसतात. तोवर त्याला सांभाळतात ती आईची प्रतिपिंडे. काही गर्भातच नाळेतून मिळतात, आणि काही दुधातून. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर घट्ट दूध येते, त्या चिकाच्या दुधात ती सर्वांत जास्त असतात. काही घरांत हे दूध घाण म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध, गुळाचे पाणी, गुटी चाटवतात. आजी, सासूबाई, तुम्हाला हात जोडून विनंती आहे : असे करू नका. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको.

उपाशी फौज लढत नाही

पेशी आणि प्रतिपिंडे घडतात ती प्रथिनांपासून. डाळ, शेंगदाणे, अंडी, मासे, मटण, दूध यांतून प्रथिने मिळतात. पालेभाज्या, गाजर, पपई यांतून अ जीवनसत्त्वाची गरज भागते. पोटात चपाती-चटणीशिवाय काही नसेल तर हाडांच्या मगजाने फौज उभारायची कशातून?

झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर तो केला होता. काही घरांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. काही घरांतल्या माणसांना दिल्या नाहीत. ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. औषध नव्हे, लस नव्हे, नुसते डाळ-तांदूळ! क्षयाचे जंतू पुष्कळांच्या अंगात झोपलेले असतात. महाभक्षी पेशी त्यांना घेरून डांबून ठेवतात. उपास, दारू, मधुमेह, तंबाखू यांनी पहारा ढिला पडला की ते बाहेर पडतात. क्षय झालेल्या माणसाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून बँक खात्यात पैसे मिळतात. २०१८ साली ही रक्कम दरमहा ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १ हजार झाली. ते मागून घ्या, तो आपला हक्क आहे.

बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. दारू पांढऱ्या पेशींना सुस्त करते आणि डाळीचे पैसेही खाते. दोन्ही बाजूंनी तीच फौज मरते.

ताकद विकत मिळत नाही

करोनाच्या साथीपासून बाजारात प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून पावडरी, काढे आणि गोळ्या यांचा सुळसुळाट झाला आहे. एका डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी येतात. अंडी घ्या. शिवाय प्रतिकारशक्ती नुसती वाढवत नेणे चांगले असेही नाही. ती भलतीकडे वळली की आपल्याच सांध्यांवर हल्ला करते, तोच एक प्रकारचा संधिवात. निरुपद्रवी धुळीवर तुटून पडते, तेव्हा दमा आणि पित्त उठते. फौज हवी ती शिस्तीची. गंडे-दोरे, ताईत, अंगारा यांतून एकही पांढरी पेशी निर्माण होत नाही. आणि प्रत्येक सर्दीला प्रतिजैविकाची गोळी मागू नका. ती जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अतिसाराने आजारी पडून घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, अशी कथा विनयपिटकात आहे. त्याच्याजवळ कुणी गेले नव्हते. आजारी माणसाची सेवा हाच धम्म, हे त्यांनी कृतीने दाखवले. आपल्या शरीरातल्या पेशीही धनी-गरीब, उच्च-नीच पाहत नाहीत. महालातल्या आणि झोपडीतल्या बाळाच्या हाडांत सारखीच फौज जन्मते. फरक पडतो तो पुढे : खाण्यात, पाण्यात, हवेत आणि लसीत. त्यातले पाणी आणि हवा यांसाठी संघटित होऊन भांडावे लागेल. लस मात्र उद्याच घेता येईल.

तेव्हा हा अंक खाली ठेवलात की पेटीतून मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. एखादी चौकट रिकामी दिसली तर आपल्या आशाताईंना विचारा आणि लसीच्या दिवशी मुलाला घेऊन जा. शेजारच्या घरातले कार्डही पाहा. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पाच मिनिटे काढून सर्वांनी कार्डे आणून पाहिली, तरी एखाद्या लेकराची आठवण पुसली जाण्यापासून वाचेल.

जयभीम!